दादीअम्मांची निगेटिव्ह



कन्नड तालुक्यातल्या पिशोरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सासरच्या लोखंडी पेटीत बिस्किटांचा एक जुना डबा सापडला, त्यात कृष्णधवल निगेटिव्हच्या पट्ट्या आणि सुटे तुकडे आहेत, असे त्या लिहितात. त्यातला एक तुकडा त्यांच्या मरहूम दादीसासूंचा. हजच्या पासपोर्टसाठी फोटो हवा म्हणून त्या आयुष्यात एकदाच स्टुडिओतल्या स्टुलावर बसल्या. पासपोर्ट कुठे गेला कुणास ठाऊक. छापील फोटो एकही उरलेला नाही. उरला तो बोटभर लांबीचा हा काळा तुकडा. भगिनी विचारतात, ‘यातून दादीअम्मांचा चांगला फोटो निघेल का? आणि दुकानात न देता निघेल का?’

प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. डब्यातल्या बऱ्याच पट्ट्या लग्नघरातल्या, आतल्या अंगणातल्या आहेत. मेंदी लावलेल्या, डोक्यावरचा पदर सरकलेल्या, मोकळेपणी हसणाऱ्या बायका. मागे यातलीच चार पट्ट्यांची एक पुडी घरच्या मुलाने शहरातल्या एका दुकानात दिली होती. पट्ट्या ओरखडे पडून परत आल्या, चित्रे अंगठ्याएवढी मिळाली, आणि काही दिवसांनी त्यातलेच एक चित्र परक्या माणसाच्या मोबाइलवर दिसले. तेव्हापासून घरातल्या मोठ्या बायकांचे एकच म्हणणे : डबा जाळून टाका, पण बाहेर देऊ नका.

फोटो काढावा की नाही, ठेवावा की नाही, याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. कुणी तो गरजेपुरताच जायज मानतात, कुणी हाताने काढलेले चित्र आणि कॅमेऱ्याने टिपलेली छबी यांत फरक करतात, कुणी दोन्ही टाळतात. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. या सदराचे काम फतवा देण्याचे नाही. पण एवढे आम्ही नक्की म्हणू की जी बाई आपल्या भावासमोर, अंगणात, फोटोला उभी राहिली ती बाजारासाठी उभी राहिली नव्हती. तो फोटो अमानत आहे.

आणि ही अडचण काही आजची नाही. पिशोर ज्या निजामी राज्यात होते त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ उघडला होता. पडद्यातल्या बायकांचे फोटो तिथे एक इंग्रज बाई, मिसेस केनी-लेविक, काढत. बायकांच्या फोटोचे काम बायकांच्याच हातात राहावे, एवढी साधी ती व्यवस्था होती. दीनदयाळांना सहावे निजाम महबूब अली खान यांनी ‘मुसव्वर जंग’ हा किताब दिला. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये विकत घेतल्या. काचेवर, जिलेटिनमध्ये बसलेली चांदी शंभर वर्षे टिकली. पिशोरच्या डब्यातही तीच चांदी आहे, फक्त काचेऐवजी फिल्मवर.

पत्राला उत्तर लिहून भागण्यासारखे नव्हते. आम्ही ओळखीतून एक स्कॅनर मिळवला आणि गेल्या महिन्यात दोन दिवस पिशोरला त्या घरी बसलो. घरातल्या दोन मुलींना काम शिकवले. निम्म्याहून जास्त पट्ट्या त्यांनीच केल्या, आणि आम्ही निघालो तेव्हा स्कॅनर त्यांच्याकडेच ठेवून आलो.

आधी स्कॅनरचे. झेरॉक्सच्या दुकानात किंवा शाळेच्या ऑफिसात असतो तो स्कॅनर या कामाचा नाही. तो कागदावर खालून उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड टिपतो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर किंवा खास फिल्मसाठीचा लहान स्कॅनर लागतो. पेटीवर लिहिलेल्या आकड्याला मात्र भुलू नये. ६४०० डीपीआय लिहिलेला फ्लॅटबेड प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही बारकावे वेगळे दाखवत नाही. आकडा चढवला की फाइल फुगते, चेहरा स्पष्ट होत नाही.

डब्यात दोन प्रकारच्या निगेटिव्ह होत्या. मोठ्या चौकोनी १२० फिल्मच्या, एका रोलमध्ये बारा फोटो निघणाऱ्या. आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा ज्यांच्या घरी होता त्यांना त्या लगेच ओळखू येतील. आणि काही लहान, ३५ मिलिमीटरच्या, कडेला भोके असलेल्या. मोठ्या चौकटीची बाजू साधारण ५६ मिलिमीटर भरते. ती २४०० डीपीआयवर घेतली की एका बाजूला सुमारे ५,३०० टिंबे मिळतात, म्हणजे १७ इंचांपर्यंतचा छापील फोटो निघू शकतो. कुणाला घरात एवढा मोठा फोटो हवा असतो? क्लिक थ्रीच्या साध्या भिंगाने टिपलेल्या फोटोत याहून जास्त काही दडलेलेही नसते. लहान ३५ मिलिमीटरसाठी मात्र ३२०० ठेवावे. तिथे चौकटच २४ बाय ३६ मिलिमीटरची असते, हात आखडून चालत नाही.

आता धूळ. आम्ही गेलो तेव्हा कापसाचा मोसम होता आणि ओसरीत कापसाचा ढीग लागलेला. ओसरीवर स्कॅनर मांडला असता तर प्रत्येक चेहऱ्यावर तंतू उमटले असते. घरातली सर्वांत आतली खोली निवडली, फरशी ओल्या फडक्याने पुसली, पंखा बंद केला आणि अर्धा तास थांबलो. धूळ खाली बसायला एवढा वेळ लागतोच. निगेटिव्ह फक्त कडेने धरायची. सुती हातमोजे मिळाले तर उत्तम. धूळ उडवायला रबरी फुगा दाबून हवा सोडायची, उरलेली मऊ ब्रशने हलकेच. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे बारीक कण बसतात ते निघत नाहीत. कुर्त्याच्या टोकाने पुसणे तर नकोच. पाणीही नको, विशेषतः जिथे पावसाळ्याने बुरशी धरली आहे तिथे. बुरशीने पोखरलेला थर पाण्यात विरघळून जातो आणि त्याबरोबर माणूसही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण तिच्यामुळे दुकानांत चांगल्या निगेटिव्ह खराब होऊन येतात. बऱ्याच फिल्म स्कॅनरमध्ये धूळ आणि ओरखडे आपोआप पुसण्याची सोय असते. ती इन्फ्रारेड किरणांवर चालते. रंगीत फिल्ममधले रंग हे किरण आरपार जाऊ देतात आणि धूळ अडवते, म्हणून यंत्राला धूळ कळते. पण जुन्या कृष्णधवल फिल्ममधले चित्र चांदीचे असते आणि चांदीही हे किरण अडवते. यंत्राला दादीअम्मांच्या भुवया आणि धुळीचा कण यांत फरक कळत नाही. ते दोन्ही ‘दुरुस्त’ करू लागते आणि चेहरा मेण ओतल्यासारखा होतो. ही सोय बंद ठेवावी. उरलेले ठिपके नंतर संगणकावर एकेक करून, हाताने काढावेत. वेळ जातो. मुलींनी एका फोटोवरचे ठिपके काढायला पाऊण तास घेतला.

निगेटिव्ह कोणत्या बाजूने ठेवायची, यावर घरात छोटी चर्चा झाली. एक बाजू चमकते, दुसरी थोडी मंद असते. मंद बाजूला चांदीचा थर असतो. चमकती बाजू काचेला चिकटली तर चित्रावर पाण्यात खडा टाकल्यासारखी वर्तुळे उमटतात, म्हणून पट्टी धारकात बसवून काचेपासून किंचित वर राहील असे पाहावे. आणि चित्र उलटे, आरशातल्यासारखे आले का, हे तपासावे. आपल्या घरांत याला सोपी कसोटी आहे : मागे दुकानाची उर्दू पाटी असेल तर ती वाचून पाहा. पाटी नसेल तर घड्याळ कोणत्या मनगटावर आहे आणि शेरवानीची बटणे कोणत्या बाजूला आहेत ते बघा. या घरातला एक निकाहाचा फोटो कित्येक वर्षे भिंतीवर उलटाच लागला होता. नवरदेव डावखुरे समजले जात होते.

वाकलेल्या पट्ट्यांना कुणीही इस्त्री दाखवू नये. हे सुचवणारे घरात निघतातच. स्वच्छ कोऱ्या कागदात ठेवून वर जाड पुस्तके ठेवावीत आणि आठवडाभर विसरून जावे.

स्कॅन करताना दोनच गोष्टी लक्षात ठेवल्या तर निम्मे काम होते. पहिली, ८ बिटऐवजी १६ बिट ग्रेस्केल निवडणे. आठ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, सोळामध्ये ६५,५३६. नंतर चेहरा थोडा उजळवायचा झाला तर या पायऱ्या कामी येतात, नाहीतर गालावर पट्टे उमटतात. दुसरी, यंत्राची ‘ऑटो’ सोय बंद करणे. ऑटो काय करते? चित्र झटपट उठावदार दिसावे म्हणून सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ भाग कापून टाकते. आपल्या फोटोंत नेमके त्याच दोन टोकांना सगळे असते : काळा बुरखा आणि पांढरा दुपट्टा, काळी शेरवानी आणि पांढरी दाढी. स्कॅनरच्या पडद्यावर दिसणाऱ्या आलेखाची दोन्ही टोके डोंगराच्या थोडी बाहेर ठेवावीत. चित्र आधी फिकट, मरगळलेले दिसेल. दिसू द्यावे. उठाव नंतर आणता येतो, कापलेले परत आणता येत नाही. यंत्रातले ‘शार्पन’ही बंद ठेवावे. फाइल टिफमध्ये जतन करावी. मोठ्या चौकटीची अशी एक फाइल सुमारे ५६ एमबीची होते. जड आहे, पण ती मूळ प्रत आहे. नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून लहान जेपीजी करावी.

दादीअम्मांच्या निगेटिव्हची अडचण दुपट्ट्याची होती. निगेटिव्हमध्ये पांढरे कपडे सर्वांत गडद उतरतात. स्टुडिओवाल्याने उजेड जास्त दिला होता, त्यामुळे चेहऱ्याभोवतीचा पांढरा दुपट्टा जवळजवळ काळाकुट्ट झालेला. ऑटोवर स्कॅन केला तेव्हा डोक्याभोवती नुसता कोरा कागद आला आणि कपाळ त्यात विरघळले. हाताने टोके सरकवून, तीच चौकट यंत्राला अनेकदा वाचायला लावून, मग दुपट्ट्याच्या चुण्या दिसू लागल्या. हनुवटीखाली खोचलेली पिनही दिसली. ती पिन पाहून मोठ्या फूफीअम्मा खोलीत आल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे वय ऐंशीच्या वर आहे आणि डब्यातल्या बहुतेक माणसांना ओळखणारे घरात आता त्यांच्याशिवाय कुणी नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, अम्मांच्या गालाला इतकी सफाई कधीच नव्हती, देवीचे व्रण होते. आम्ही चित्र मोठे करून पाहिले तर गालावर बारीक बारीक रेघा. त्या काळचे स्टुडिओवाले निगेटिव्हच्या मंद बाजूवर टोकदार शिसपेन्सिलीने काम करत. सुरकुत्या, डाग भरून काढत. गिऱ्हाईक खूश व्हायचे. ही पेन्सिल कुणी पुसायचा प्रयत्न करू नये, तिच्याबरोबर खालची चांदीही जाईल. म्हणून तर निगेटिव्ह द्रवाने साफ करण्याआधी ती भिंगाखाली पाहावी, असा आमचा आग्रह आहे. रेघा मोठ्या चित्रात दिसतात. पोस्टकार्डाएवढा छापला की विरून जातात. व्रण परत येणार नाहीत. संगणकावर रेघा पुसून चेहरा आणखी गुळगुळीत करावा असे मुलींना वाटत होते. आम्ही तसे करू दिले नाही. मूळ प्रत जशी आहे तशी, रेघांसकट राहावी, हवे तर दुसऱ्या प्रतीवर प्रयोग करावेत. फोटो पोस्टकार्डाएवढाच छापला. तो भिंतीवर लागलेला नाही, फूफीअम्मांच्या पेटीत आहे.

ज्यांना स्कॅनर मिळणार नाही त्यांनी मोबाइलने काम करून पाहायला हरकत नाही, पण नीट. टॅब्लेटचा पांढरा पडदा खाली घेतला तर निगेटिव्ह त्यावर थेट ठेवू नये, पडद्याचे ठिपके चित्रात येतात. मध्ये दोन-तीन इंच अंतर ठेवून दुधी काच किंवा दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घालावा, निगेटिव्ह त्यावर. भोवतीचा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाकावा, खोली अंधारी करावी, फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून टायमरने टिपावा. मग ‘गिंप’ या मोफत प्रोग्रॅममध्ये काळ्याचे पांढरे करून घ्यावे. ओळख पटण्याइतके चित्र येते. दादीअम्मांच्या दुपट्ट्यासारखी कठीण निगेटिव्ह मात्र यात हाती लागत नाही. आणि एक खबरदारी : फोनमधले फोटो आपोआप इंटरनेटवर चढवण्याची सोय आधी बंद करा, नाहीतर दुकान टाळून उपयोग काय? पिशोरला आम्ही लॅपटॉपचे इंटरनेटच तोडले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले तर चित्र दाबले जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून, आणि कुणाला पाठवतो आहोत ते विचारात घेऊन.

डब्याच्या तळाशी काही पट्ट्यांना सिरक्यासारखा आंबट वास येत होता. ॲसिटेट फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागली की असा वास सुटतो. पुढे ती आक्रसते आणि थर सुरकुततो. हा वास जवळच्या चांगल्या पट्ट्यांनाही लागतो, म्हणजे त्यांची कूजही लवकर सुरू होते. अशा पट्ट्या लगेच वेगळ्या कराव्यात आणि सर्वांत आधी स्कॅन कराव्यात. बाकीच्या कागदी पाकिटांत, एका पाकिटात एक पट्टी. रबर बँड नको, प्लास्टिकचे जुने अल्बम नकोत, डांबराच्या गोळ्या नकोत. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको, उन्हाळ्यात तिथे भाकरी भाजेल. खालच्या मजल्यावरचे, भिंतीला न टेकलेले कपाट पुरे.

स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देणारे लोक आम्ही पाहिले आहेत. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांत दगा देते, निगेटिव्हने या घरात कितीतरी उन्हाळे काढले आहेत. दोन्ही ठेवावे. फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी, विश्वासाच्या नातेवाइकाकडे. बायकांच्या फोटोंची वेगळी डिस्क केली आहे. ती मोठ्या सुनेकडे राहील, असे घरात ठरले. राजा दीनदयाळांच्या जनाना स्टुडिओचेच हे पिशोरी रूप म्हणायचे.

नावे लिहिण्याचे काम सर्वांत सावकाश चालले आहे. फाइलीचे नाव नुसते आकडे असले तर दहा वर्षांनी कुणाला काही कळणार नाही. म्हणून मुली रोज असरनंतर फूफीअम्मांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसतात, दहा-बारा चौकटी दाखवतात आणि त्या सांगतील ते वहीत उतरवतात : कोण, कुणाची कोण, कुणाच्या लग्नात. फूफीअम्मा थकल्या की थांबतात. आठवत नसेल तर जागा कोरी ठेवतात, अंदाजाने भरत नाहीत. आतापर्यंत सत्तर चौकटी झाल्या आहेत. एका लग्नातल्या तीन बायका कुणालाच ओळखता आलेल्या नाहीत. एकीच्या कडेवर बाळ आहे. फूफीअम्मांची एक चुलत बहीण वैजापूरला असते, तिला कदाचित ठाऊक असेल. मुली ईदला तिच्याकडे जाताना त्या चौकटीची छापील प्रत बरोबर नेणार आहेत.